उन्हात तापलेली गारगोटी

‘मनगटावरचं साधं घड्याळ वेळ नीट दाखवतं, मग लाखो रुपयांच्या गाडीतलं मागे का पडतं?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. गाडीवाल्यांना उत्तर आवडणार नाही. दोन्हींत बहुधा एकाच जातीचा, काही रुपयांचा क्वार्ट्झ स्फटिक असतो.

नादकाट्याच्या आकाराची ही चिमुकली गारगोटी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि निम्मं करत जाणं हे सर्किटच्या हातचा मळ!

अडचण उन्हाची आहे. हा स्फटिक साधारण २५ अंशांना खुशीत असतो. त्याहून तापला तरी मंदावतो, गारठला तरी मंदावतो. मनगटाच्या उबेत त्याचं बरं चालतं. नागपुरात मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६५ अंशांवर गेला, तर घड्याळ दिवसाला जवळजवळ पावणेपाच सेकंद या दराने मागे पडू लागतं. दुपारची ही तूट रात्रीच्या गारव्याने भरून निघत नाही, कारण थंडीही मागेच ओढते. तापमान मोजून चूक सावरणाऱ्या चिप असतात. त्यांना पैसे जास्त पडतात, एवढंच.

क्वार्ट्झ म्हटलं की लोकांना १९६९ चं सेइकोचं मनगटी घड्याळ आठवतं, फार तर क्यूरी बंधू. वॉल्टर केडी कुणाला आठवत नाही. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाचे हे प्राध्यापक पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्याच्या कामात स्फटिकांकडे वळले, आणि १९२१ च्या सुमारास त्यांनी स्फटिकाच्या तालावर चालणारं विद्युत सर्किट करून दाखवलं. बेल लॅब्जमधलं १९२७ चं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ त्याच वाटेने आलं. (केडींची शंभरी एका दिवसाने हुकली!)

आता जाहिराती सांगतात, वेळ थेट उपग्रहाकडून येते. येते खरी, पण ती वाचणारा प्रोग्रॅम माणसानेच लिहिलेला असतो. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवडे मोजायला १० बिट आहेत. १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्या अचानक २००२ साल दाखवू लागल्या, तेव्हा जाणकारांचं बोट याच मोजणीकडे गेलं. मालकांना ऑगस्टपर्यंत थांबायला सांगण्यात आलं. नव्या संदेशांत १३ बिट आहेत, म्हणजे १५७ वर्षांची निश्चिंती. तोवर गाडी भंगारात गेलेली असेल.