नाक हरवलेले आजोबा

पहिलं नाक अर्ध्या मिनिटात गायब झालं.

चांगलं पोपटाच्या चोचीसारखं नाक होतं हो! काचमावशीनं ते बोराएवढ्या मण्यावर चिकटवलं, ती डोळ्यांकडे वळली आणि परत बघतो तो काय, नाकाच्या जागी नुसतं टेंगूळ.

"मावशी, आजोबांचं नाक वितळलं!" माझी भाची ओरडली.

"वितळलं नाही गं, गोल झालं," काचमावशी म्हणाली. "काचेला जरा सवड दिली की ती गोल होते. तिला गोल होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम."

काचमावशी हे भाचीनं ठेवलेलं नाव. ती माझी शाळेतली मैत्रीण. गच्चीवरच्या खोलीत बसून ती गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच तापवते आणि मणी बनवते. साधे गोल मणीही करते, पण तिचा जीव चेहऱ्याच्या मण्यांत. चिडके, झोपाळू, चोरून लाडू खाल्ल्यासारखे. त्या दिवशी मिशीवाल्या आजोबांची पाळी होती. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर!

आता हे गोल होण्याचं काय प्रकरण आहे? अळूच्या पानावरचा पावसाचा थेंब बघा. रश्श्यावर तरंगणारे तेलाचे ठिपके बघा. सगळे गोल. द्रवाचे कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला सगळीकडून सोबती असतात, पण पृष्ठभागावरच्या कणाला बाहेरच्या बाजूनं कुणीच नसतं, म्हणून तो आत ओढला जातो. जणू थेंबाभोवती ताणलेली एक पातळ पिशवीच. याला पृष्ठताण म्हणतात. या पिशवीला टोकं आणि कडा अजिबात खपत नाहीत. आणि चेहरा म्हणजे काय? टोकं आणि कडाच की! नाकाचा शेंडा, पापणीची कड, ओठांची घडी. काच पुरेशी मऊ झाली की आधी नेमकं हेच पुसलं जातं.

मग काच घट्ट असतानाच कोरायची ना? तसं केलं तर ती फुटते. मजा इथेच आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो. त्याच्या अलीकडे दगड, पलीकडे पाणी. काचेला असा ठरलेला आकडा नाही. ती गुळाच्या पाकासारखी वागते. खूप तापली की वाहते, थोडी निवली की तिची तार निघते, आणखी निवली की बोटानं दाबावी तशी दबते आणि शेवटी चिक्कीसारखी कडक. आजी पाकाची तार बघून सांगते ना, "आता घाला दाणे," म्हणून? काचमावशी अगदी तशीच काचेकडे बघत असते. नाक चिकटवताना काच वाहती हवी, नाकपुड्या टोचताना किंचित निवलेली. मधला वेळ काही सेकंदांचा.

तिच्या टेबलावर मला अवजारांपेक्षा घरातल्याच वस्तू जास्त दिसल्या. दाढीच्या ब्लेडसारखं पातळ पातं, चिमटा, एक सुई. सुई मात्र टंगस्टनची, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बमधली तार ज्या धातूची असते त्याची. ज्योतीत ती वितळत नाही. शेजारी ग्राफाइटची छोटी थापटणी; तुमच्या पेन्सिलीतलंच ग्राफाइट, त्याला गरम काच चिकटत नाही.

मणी गुंडाळायचा स्टीलच्या बारीक सळईवर. पण त्याआधी सळई पांढऱ्या मातीच्या पातळ चिखलात बुडवून वाळवायची. ही माती नसती तर काच स्टीलला अशी धरून बसली असती की आजोबा जन्मभर सळईवरच. पुढे ही माती भिजवून खरवडून काढली की मण्याला आयतं भोक मिळतं.

काचमावशीनं नव्या मण्यासाठी पुन्हा टॉर्च पेटवला, गॉगल चढवला आणि हस्तिदंती रंगाची काचेची कांडी ज्योतीत धरली. झपकन केवढा तरी पिवळाधमक उजेड! काचेत सोडियम असतं आणि ते तापलं की पिवळा प्रकाश टाकतं. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, तीही मिठातल्या सोडियममुळेच. त्या पिवळ्या झगमगाटात दोन सेंटिमीटरचे आजोबा दिसणार कसे? तर तिच्या गॉगलच्या काचांमध्ये निओडिमियम आणि प्रासिओडिमियम अशी जीभ वळवणारी मूलद्रव्यं असतात. ती मुख्यतः तोच पिवळा प्रकाश गिळतात, बाकीचे बहुतेक रंग जाऊ देतात. आम्हालाही एकेक गॉगल मिळाला. डोळ्यांवर लावताक्षणी पिवळा भडका नाहीसा झाला आणि काच स्वच्छ दिसायला लागली. भाचीनं गॉगल दहादा काढला आणि घातला.

आता चेहरा. मी समजत होते, आधी डोळे रंगवायचे. चूक! आधी खड्डे. लांबट मण्यावर वरच्या बाजूला सळईच्या कडेनं दोन खळगे दाबले आणि कमाल झाली. डोळे नाहीत, नाक नाही, तरी कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायला लागलं. खळग्यात सावली पडते आणि आपला मेंदू दोन सावल्या शेजारीशेजारी दिसल्या की लगेच चेहरा शोधतो. बटणात, नळात, घराच्या खिडक्यांत तुम्हालाही चेहरे दिसत असतीलच.

मग गालांना दोन थेंब, हनुवटीला एक, मधोमध नाक (यावेळी टोकाच्या बारीक ज्योतीनं, फक्त मुळाशी तापवून). नंतर डोळे. पांढरा ठिपका, त्यावर फिरोजी, त्यावर काळा आणि काळ्याच्या कडेला मोहरीच्या दाण्याहूनही लहान पांढरा टिपका. हे ठिपके द्यायला तिनं आधीच काचेच्या बारीक तारा ओढून ठेवल्या होत्या, थेट दोनतारी पाकासारख्या. तो शेवटचा टिपका पडेपर्यंत आजोबा बाहुल्यासारखे दिसत होते. टिपका पडला आणि आजोबा जागे झाले. खऱ्या डोळ्यातही खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब असं चमकत असतंच.

"यांनी काजळ घातलंय?" भाचीनं विचारलं. खरंच, फिरोजी रंगाचा एक थेंब पांढऱ्यावरून ओघळून हस्तिदंती काचेला टेकला होता आणि तिथे आपोआप काळपट रेघ उमटली होती. हस्तिदंती काचेत गंधक असतं, फिरोजी काचेत तांबं. गरमागरम भेट झाली की दोघं मिळून गडद रंगाचं संयुग तयार करतात. काचमावशी सुरुवातीला या रेघेवर वैतागायची. आता ती मुद्दाम काढते.

हे सगळं चालू असताना ती सारखी आणखी काहीतरी करत होती. डोळ्याचं काम चार सेकंद, की लगेच अख्खा मणी ज्योतीत गरगर फिरवायचा. पुन्हा चार सेकंद, पुन्हा गरगर. का? काचेत उष्णता फार हळू पसरते. नाक लालभडक असेल आणि हनुवटी निवलेली, तर एक भाग फुगलेला, एक आक्रसलेला, मग ओढाताण होते आणि तडा! काचेच्या साध्या ग्लासात उकळता चहा ओतला की होतो तो प्रकार. म्हणजे बघा, जास्त तापवलं तर चेहरा पुसला जातो, कमी तापवलं तर फुटतो. मला तर हे तारेवरच्या कसरतीपेक्षा अवघड वाटतं.

काचाही एकाच घराण्यातल्या लागतात. तिच्या कांड्या इटालियन प्रकारच्या, मऊ. अशी १ मीटर लांब कांडी १०० अंशांनी तापवली तर सुमारे १ मिलिमीटर वाढते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच तेवढ्याच उष्णतेत त्याच्या एक तृतीयांशच वाढते. अशा दोन काचांचे गाल आणि नाक जोडले तर निवताना एक जास्त आक्रसणार, दुसरी कमी, आणि नाक टणकन उडून जाणार.

पापण्या, भुवया आणि ओठ सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात नाजूक. भुवईची आतली टोकं खाली झुकवली की आजोबा रागावले. चिमट्यानं तीच वर उचलली की बिचारे काळजीत पडले. तोंड म्हणजे पात्यानं दिलेली एक चीर, बस्स. हे घरी करून बघा. कणकेचा गोळा पेन्सिलीवर खोचा, अंगठ्यानं खळगे दाबा, मिऱ्यांचे डोळे लावा आणि फक्त भुवया हलवा. ज्योतीबितीची गरज नाही. चेहऱ्याचे मणी करणारे कित्येक जण आधी मातीवरच हात बसवतात.

काचेच्या मण्यांवर चेहरे करण्याची हौस काही आजची नाही. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज नावाचं बंदर होतं. तिथल्या लोकांच्या काळातले, साधारण २,३०० वर्षांपूर्वीचे काचेचे चेहरे सापडले आहेत. बटाट्यासारखे मोठाले डोळे, जाड भुवया, आणि दाढीचे कुरळे केस म्हणजे काचेच्या तारांची एकेक गुंडाळी. तेही मातीचा लेप दिलेल्या सळईवरच घडवलेले! गॅसचा टॉर्च नव्हता, भट्टी होती. एवढे वटारलेले डोळे वाईट नजर परतवायला असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे बाळाला तीट लावतात, तसंच काहीसं. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी ते शहर उद्ध्वस्त केलं. हे दाढीवाले मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या लूव्रमध्ये अजून डोळे वटारून बसले आहेत.

रोमन काळातल्या कारागिरांनी पुढे वेगळीच युक्ती वापरली. रंगीत काचांची अशी लांब कांडी जुळवायची की तिच्या प्रत्येक कापात चेहरा दिसावा. अळूवडीच्या उंड्यासारखं! कापाल तिथे तीच नक्षी. भारी आहे, पण ते चेहरे सपाट. मला नाकवालेच आवडतात.

आमच्या आजोबांना मिशी लागली आणि ते लगेच भट्टीत गेले. थेट हवेत ठेवले असते तर बाहेरची काच आधी आवळली असती, आतली नंतर, आणि रात्रीतून केव्हातरी तडा गेला असता. म्हणून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास मुक्काम आणि मग तासन्‌तास सावकाश निवणं.

दुसऱ्या दिवशी मणी हातात आला. ज्योतीत तापलेल्या काचेचे रंग वेगळेच दिसत होते, खरे रंग आत्ता कळले. डावी पापणी जरा जास्त ओघळली होती, त्यामुळे आजोबा डोळा मारत होते. भाचीनं भोकातली माती धुतली, काळ्या दोऱ्यात आजोबांना ओवलं, गळ्यात घातलं आणि आरशासमोर धावली.

दोन मिनिटांत परत आली, तोंड पाडून. मणी दोऱ्यावर फिरला होता. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसावेत तसे तिच्या गळ्याकडे बघत होते, आणि जगाला दिसत होतं फक्त त्यांचं टक्कल.

"काचमावशी," ती म्हणाली, "मागच्या बाजूला आजी करून देशील?"