गळ, शिसे आणि रबरी कोळंबी

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर नावाचे गाव आहे. सुपारीच्या वाड्या, सुरूचे बन आणि त्यापलीकडे लांबवर पसरलेली सपाट पुळण असा हा किनारा. तुमच्यापैकी काहीजण सहलीला तेथे जाऊन आलेही असतील. अशा कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः पुळण संपून खडप सुरू होते तेथे किंवा खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या वेळी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. याला कोकणात 'गरवणे' म्हणतात. पूर्वी गळाला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावीत. आजही लावतात, पण अलीकडे काहींच्या डबीत मऊ प्लॅस्टिकची कोळंबी, मासोळी किंवा गांडूळही असते. ही रंगीत वस्तू दोराला बांधून, सोबत शिशाचा गोळा लावून ती पाण्याच्या तळाशी सोडतात.

आता प्रश्न असा, की जन्मभर खरी कोळंबी खाल्लेला मासा या खोट्या कोळंबीला फसतो कसा? आणि दुकानात अशी पन्नास आमिषे टांगलेली असताना त्यांतले नेमके कोणते निवडावे? या प्रश्नांची उत्तरे नशिबात नाहीत, ती तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत. कशी ते पाहू या.

पाहुणा कोण?

ज्या माशासाठी ही खटपट करायची, त्याची ओळख आधी करून घेऊ. अमेरिकेत गोड्या पाण्यात 'बास' नावाचा मासा आहे आणि मऊ प्लॅस्टिकची आमिषे प्रथम त्याच्यासाठीच निघाली. ओहायओ राज्यातील ॲक्रन गावी निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली घरच्या घरी प्लॅस्टिकचे गांडूळ ओतून पाहिले आणि पुढे त्याचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे तो बास नाही, पण शिकारीची तीच रीत असलेला एक मासा रायगडच्या खाड्यांत आहे. तो म्हणजे जिताडा. याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेटस कॅल्कॅरिफर. पेण-अलिबागकडच्या तळ्यांतला जिताडा तर पाहुणचारासाठी प्रसिद्धच आहे.

जिताडा भक्ष्याच्या मागे मैलभर धावत नाही. तो खडकाच्या किंवा बुंध्याच्या आडोशाला दबा धरून बसतो. भक्ष्य जवळ आले, की तोंड एकदम उघडतो. तोंडाची पोकळी अचानक मोठी झाल्याने आतला दाब कमी होतो, बाहेरचे पाणी आत धावते आणि त्या पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. म्हणजे जिताडा भक्ष्य चावून धरीत नाही, ओढून घेतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी मांडणी तिच्यावर उभी आहे.

शिसेच का? दगड का नको?

आमिष हलके असते. ते दूर फेकता येत नाही आणि फेकले तरी लाटेबरोबर परत येते. म्हणून वजन हवे. मग ५० ग्रॅमचा दगड बांधला तर चालणार नाही का?

आर्किमिडीजचा नियम आठवा. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी भासते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम, शिशाची ११.३ ग्रॅम आणि साधारण दगडाची २.७ ग्रॅम धरू.

५० ग्रॅम शिशाचे आकारमान ५० भागिले ११.३, म्हणजे सुमारे ४.४ घनसेंटिमीटर. बाजूस सारलेले पाणी साडेचार ग्रॅम. म्हणून पाण्यातले वजन उरले सुमारे ४५.५ ग्रॅम.

५० ग्रॅम दगडाचे आकारमान सुमारे १८.५ घनसेंटिमीटर. बाजूस सारलेले पाणी १९ ग्रॅम. म्हणून उरले फक्त ३१ ग्रॅम.

शिवाय दगड आकाराने चौपट. त्यामुळे प्रवाहाचा धक्काही त्याला जास्त बसतो. लहान आकारात जास्त वजन, हा शिशाचा गुण.

वजनाचा आकारही तळ पाहून ठरवावा लागतो. दिवेआगरच्या पुळणीसारख्या वाळूच्या तळावर गुळगुळीत गोल गोळा प्रवाहाबरोबर लोळत जातो. चौकोनी किंवा पिरॅमिडच्या आकाराचे शिसे वाळूत कोपरे रुतवून बसते. उलट खडपात तेच कोपरे कपारीत अडकतात. तेथे लांबट, गुळगुळीत वजन बरे.

सरकणारे वजन

आता गंमत पाहा. मघाशी आपण म्हटले, की जिताडा पाण्याबरोबर भक्ष्य ओढून घेतो. पण आमिषाला चिकटूनच ५० ग्रॅमचे शिसे असेल तर? पाणी आत जाईल, आमिष जागेवरच राहील. जड वस्तूचे जडत्व जास्त. क्षणभराच्या ओढीने ती हलत नाही.

म्हणून वजन आणि आमिष वेगळे ठेवतात. शिशाच्या गोळ्याला आरपार भोक असते. त्यातून मुख्य दोर ओवतात. मग एक मणी आणि त्यानंतर स्वतःभोवती फिरू शकणारी एक छोटी कडी बांधतात. तिला स्विव्हल म्हणतात. कडीच्या पुढे हातभर किंवा त्याहून थोडा लांब बारीक दोर आणि त्याच्या टोकाला गळ व आमिष. कडीमुळे दोराला पीळ पडत नाही. मण्यामुळे शिसे गाठीवर आपटत नाही.

यातून दोन कामे साधतात. शिसे तळाशी बसते, पण हातभर दोरावरचे हलके आमिष मोकळे डोलत राहते आणि ओढीसरशी माशाच्या तोंडात जाऊ शकते. दुसरे असे, की आमिष घेऊन मासा निघाला, तर दोर शिशाच्या भोकातून सरकतो. माशाला ४५ ग्रॅमचा ओढा जाणवत नाही, म्हणून तो चटकन आमिष थुंकून टाकीत नाही. कोळी बांधवांना ही युक्ती पुस्तक न वाचताही ठाऊक असते. आपण तिचे कारण समजून घेतले, इतकेच.

तरंगणारे की बुडणारे?

मऊ आमिषे बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या नळाचे पाइप त्याचेच. त्यात तेलासारखा एक पदार्थ भरपूर मिसळला, की ते रबरासारखे मऊ होते. या पदार्थाला मृदुकारी म्हणता येईल. असे आमिष पाण्यापेक्षा किंचित जड किंवा जवळजवळ पाण्याइतकेच असते. त्यात मीठ मिसळले तर ते आणखी जड होते, हवेचे बुडबुडे कोंडले तर तरंगते.

तळाला शेवाळ असेल, तर बुडणारे आमिष त्यात लपून जाईल. तेथे तरंगणारे घ्यावे. शिसे तळाशी आणि आमिष वीतभर वर, असे ते उभे राहते. तळ स्वच्छ वाळूचा असेल, तर हळू बुडणारे आमिष बरे; खरी कोळंबीही तळालगतच वावरते.

आमिष घेण्यापूर्वी ते पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. मात्र पाणी समुद्राचे घ्यावे, किंवा लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून घ्यावे. गोड्या पाण्यात बुडालेले आमिष खाऱ्या पाण्यात तरंगू शकते!

माशाला काय दिसते?

दुकानातले आमिष आपल्या डोळ्यांना आवडते, पण ते माशाला कसे दिसते हे महत्त्वाचे. पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारखा शोषीत नाही. तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. म्हणून थोड्याच खोलीवर लाल आमिष काळपट दिसू लागते. खाडीच्या गढूळ पाण्यात निळा प्रकाशही फार आत पोहोचत नाही. त्यातल्या त्यात पिवळा-हिरवा टिकतो.

म्हणून स्वच्छ पाण्यात खऱ्या कोळंबीसारखे फिकट, अर्धपारदर्शक आमिष निवडावे. गढूळ पाण्यात पांढरे किंवा पिवळसर, ठळक दिसणारे. आणि संधिप्रकाशात? तेव्हा चक्क काळे! कारण मासा बहुधा खालून वर पाहतो. पाण्यावरचे सारे जग त्याला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, एका उजळ वर्तुळासारखे दिसते. त्या उजेडावर काळी आकृती जास्त उठून दिसते. जिताड्याच्या डोळ्यांमागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे बॅटरीच्या उजेडात मांजरासारखे त्याचेही डोळे चमकतात आणि अंधुक प्रकाशातही त्याला शिकार साधते.

कातडीचा कान

पण पाणी इतके गढूळ असले, की हातभरावरचे दिसत नाही, तर? तेव्हा माशाचे एक वेगळेच इंद्रिय कामाला येते. बाजारातून आणलेल्या माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ पाहा. ही पार्श्वरेषा. तिच्या आत सूक्ष्म रोम असलेल्या पेशी असतात. जवळपास पाणी हलले, की रोम वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. ही जाणीव दूरची नव्हे. साधारण एक-दोन देहलांबींच्या अंतरातली. पण दबा धरून बसणाऱ्याला तेवढी पुरते.

येथेच मऊपणाचे महत्त्व कळते. कडक वस्तू पाण्यातून सरळ जाते. मऊ शेपटी मात्र पाण्याच्या दाबाने इकडून तिकडे लवलवते आणि मागे भोवऱ्यांची माळ सोडते. पोहणारी मासोळीही अशीच माळ सोडते. आंधळ्या पाण्यात जिताडा कोळंबीला पाहत नाही, तिने हलवलेले पाणी ओळखतो. म्हणून गढूळ पाण्यात रुंद, लवलवत्या शेपटीचे आमिष घ्यावे. स्वच्छ, शांत पाण्यात बारीक शेपटीचे.

वास आणि चव यांत मात्र प्लॅस्टिक उघडे पडते. म्हणून कारखानदार त्यात मीठ किंवा माशाचे तेल मिसळतात, म्हणजे मासा आमिष क्षणभर अधिक धरून ठेवतो.

थोडक्यात, निवडीचे तीन प्रश्न: तळ कसा आहे? पाणी किती गढूळ आहे? आणि या दिवसांत मासा येथे खातो काय, व ते केवढे असते? तिसऱ्याचे उत्तर किनाऱ्यावरच्या कोळिणीच्या पाटीत सापडते.

घरी करून पाहा

खोडरबर प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत बरेच दिवस तसेच राहिले, की ते पेटीला चिकटते आणि पेटीवर खड्डा पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. आजची बरीच खोडरबरे मऊ पीव्हीसीचीच असतात. त्यांतला मृदुकारी हळूहळू बाहेर झिरपतो आणि पेटीचे प्लॅस्टिक विरघळवतो. एक खोडरबर कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर आणि दुसरे पॉलिथिनच्या पिशवीवर ठेवा. महिन्याभराने काय होते ते वहीत लिहून ठेवा. मऊ आमिषे पॉलिथिनच्या पिशवीतच का विकतात, हे कळेल.

तुटलेला दोर

या प्रयोगातच एक इशारा आहे. पट्टीवर जे झिरपते, ते समुद्रातही झिरपते. खडपात अडकून दोर तुटला, की गळ, शिसे आणि प्लॅस्टिक तिथेच राहते. खरी कोळंबी दोन दिवसांत खेकडे संपवतात. प्लॅस्टिकची कोळंबी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि ती गिळणाऱ्या माशाच्या पोटात पचत नाही. शिसे तर विषारीच. ब्रिटनमध्ये नदीकाठी सांडलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून तेथे लहान आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. शिशाऐवजी पोलादाचे वजन वापरता येते. घनता सुमारे ७.८, म्हणून ते थोडे मोठे लागते. पाण्यात त्याचे वजन किती भरेल, हे गणित तुम्हीच करा. खडपात वजन नेहमी कच्च्या दोराने वेगळे बांधावे, म्हणजे अडकले तर तेवढेच तुटते. बाकीचे परत येते.

आणि शेवटची गोष्ट माशाची. जिताडा जन्मतः नर असतो. काही वर्षे नर म्हणून राहून, मोठा झाल्यावर त्याची मादी होते! म्हणजे फार मोठा जिताडा बहुधा मादीच. पावसाळ्यात ती खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात लाखो, कधी कोट्यवधी अंडी घालते आणि पिल्ले भरतीबरोबर खाडीत, तिवरांच्या मुळांत, खारजमिनीच्या तळ्यांत शिरतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची पैदास हौदात करून दाखवली. तरी खाडीतला जिताडा अजूनही खाडीतल्याच मादीवर अवलंबून आहे.

आता विचार करा. लहान जिताडा पकडला, तर तो मादी होण्याआधीच संपला. सगळे मोठे पकडले, तर अंडी घालणार कोण? मग गळाला लागलेला कोणता मासा ठेवावा आणि कोणता परत सोडावा? आमिष निवडण्यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. वर्गात शिक्षकांबरोबर त्यावर जरूर चर्चा करा. आणि किनाऱ्यावर जाल तेव्हा मोठ्या माणसांबरोबर, भरती-ओहोटीची वेळ विचारूनच जा. खडपावर पाणी कधी चढते, हे गळाकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.