आपटा स्टेशन व भोंवतालचा शेतकरी

पनवेलहून रोह्याकडे जातांना सोमाटणें व रसायनी हीं स्थानकें मागें पडलीं कीं पाताळगंगेकांठच्या आपटा गांवाचें लहानसें स्टेशन लागतें. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या १९९५ सालच्या बोलपटाचा शेवट याच फलाटावर चित्रित झाला, म्हणून शहरांतील मंडळी तें कौतुकानें पाहावयास येतात. आपणां शेतकऱ्यांस त्याचा विचार निराळ्या कारणासाठीं कर्तव्य आहे.

आगगाडी नव्हती तेव्हां या टापूंतील भात पनवेल व धरमतर या खाड्यांतून पडावांवर लादून मुंबईस जाई. भरती साधली तर माल निघे; पावसाळ्यांत दर्या खवळला कीं वाहतूक मंदावे. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं धांवूं लागली, तरी आपट्यास रूळ पोंचण्यास १९६६ चा सुमार उजाडला. दिव्याहून आलेला हा फांटा मुख्यतः कारखान्यांच्या सोयीसाठीं घातला गेला, भातासाठीं नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. पुढील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा त्यानें होतो.

सुमारें वीस वर्षे लोहमार्ग येथेंच संपत असे. १९७८ सालीं, मधु दंडवते रेल्वेमंत्री असतां, आपटा-रोहा टप्प्यास मंजुरी मिळाली व १९८६ सालीं रोह्यास गाडी गेली. कोंकण रेल्वे महामंडळ १९९० त स्थापन झालें आणि १९९८ त मंगळूरपर्यंतचा सलग मार्ग खुला झाला. शेवटचें स्टेशन अशा रीतीनें वाटेवरचें स्टेशन झालें. मार्ग लांबला तसा गांवाचा मान वाढेल अशी कोणाचीही समजूत होईल, परंतु लांब पल्ल्याच्या गाड्या येथून न थांबतां निघून जातात.

याचें कारण द्वेष नव्हे. भरधाव गाडी थांबवून पुन्हा पूर्ण वेगास आणण्यांत, उभें राहण्याच्या वेळेखेरीज, आणखी कांहीं मिनिटें खर्चीं पडतात. पूर्वीं मार्ग एकेरी होता. समोरासमोरच्या गाड्यांस एकमेकींस वाट देण्यास स्टेशनांतील दुसरा रूळच काय तो उपयोगी. सबब सावकाश गाडीस तेथें तिष्ठत ठेवून मोठी गाडी पुढें काढीत. आतां पनवेल-रोहा मार्ग दुहेरी झाला असल्यानें ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. तरीही आपट्याचा खरा आधार म्हणजे दिवा-रोहा ही प्रत्येक लहान ठिकाणीं थांबणारी गाडीच होय.

मालाची गोष्ट याहून कठीण. कोलाडहून गोव्यांतील वेर्ण्यास भरलेल्या मालमोटारीच वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा १९९९ पासून आहे. ती उत्तम खरी, पण मालमोटारवाल्यांची. भाजीच्या चार टोपल्या घेऊन फलाटावर उभ्या असलेल्या बाईस तिचा काय उपयोग? मिनिटाभराच्या थांब्यांत टोपल्या चढविणें किती जिकिरीचें असतें हें ज्यानें केलें तोच जाणे.

तेव्हां मागणी करावयाची ती थांब्याच्या अवधीविषयीं व सकाळच्या वेळेविषयीं करावी. अर्जांत नुसतें गाऱ्हाणें लिहूं नये. कोणत्या महिन्यांत, कोणत्या प्रहरीं, किती गांवांचा व किती वजनाचा माल निघतो हें सर्वांनीं मिळून मोजून लिहावें. आणखी एक गोष्ट. कोंकण रेल्वेची हद्द रोह्यापासून पुढें सुरू होते. आपटा हें मध्य रेल्वेच्या मुंबई विभागांत मोडतें, सबब अर्ज तिकडेच धाडावा.