महाराष्ट्राच्या रणजी संघातला सर्वश्रेष्ठ कोण?



मुरुमच्या मैदानावर एका रविवारी सामना संपल्यावर पोरांमध्ये वाद पेटला होता. विषय होता, महाराष्ट्राच्या संघातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण. एकाने ऋतुराज गायकवाडचे नाव घेतले, दुसऱ्याने केदार जाधवचे. तिसरा म्हणाला, 'सचिन.' मग त्याला सांगावे लागले, की बाबा, सचिन मुंबईचा. रणजी स्पर्धेत मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा आणि विदर्भही वेगळा. मी जाता जाता विचारले, 'आणि देवधर?' पोरे गप्प झाली. एक जण जरा विचार करून म्हणाला, 'देवधर नावाचा करंडक होता ना?'

त्या पोराचे काही चुकले नव्हते. माणसाचे नाव करंडकाला दिले, की करंडक लक्षात राहतो आणि माणूस विसरला जातो. म्हणून आज हाच प्रश्न जरा नीट सोडवून पाहू. क्रमवारी लावायची तर आधी माप ठरवावे लागते. आडतीवर तूर आली, की आधी चाळणी लागते, मग भाव निघतो. आपण मात्र खेळाडूंच्या बाबतीत आधी भाव सांगतो आणि चाळणी नंतर शोधतो.

पहिली चाळणी अगदी साधी आहे. खेळाडू या संघाचा किती? विजय हजारे यांचेच पाहा. सांगलीत जन्मलेल्या हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. निव्वळ फलंदाज म्हणून पाहिले तर महाराष्ट्राकडून खेळलेल्यांत त्यांच्या तोडीचा दुसरा सापडणे कठीण. पण ज्या बडोद्याविरुद्ध ते त्रिशतक झाले, त्याच बडोद्याकडे ते पुढे गेले आणि त्यांची उमेदीची वर्षे तिकडेच गेली. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्याबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली, तीही बडोद्यासाठीच. तेव्हा 'महाराष्ट्राकडून खेळलेला सर्वांत मोठा खेळाडू' आणि 'महाराष्ट्र संघाचा सर्वांत मोठा खेळाडू' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोरांचा वाद मिटत नव्हता, कारण एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत होता आणि दुसरा दुसऱ्या.

खेळाडूंची ही ये-जा आजही चालू आहे. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. हृषीकेश कानिटकर वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा आधार होता. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या दहा हजारांवर धावा आहेत. पण रणजी करंडक त्याने कर्णधार म्हणून उंचावला तो राजस्थानसाठी, तोही लागोपाठ दोनदा, २०१०-११ आणि २०११-१२ मध्ये.

आणि 'आपला संघ' ही गोष्ट तरी कुठे कायमची असते? आपले मुरुम १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. महाराष्ट्राने पहिला रणजी करंडक जिंकला, तेव्हा इथल्या एखाद्या क्रिकेटवेड्याला आपला संघ विचारला असता, तर त्याने हैदराबाद सांगितले असते. हैदराबादने तर १९३७-३८ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्याही आधी, करंडक जिंकला होता.

दुसरी चाळणी काळाची आणि खेळपट्टीची. आकडा दिसतो मोठा, पण तो कुठे आणि कसा झाला, हे पाहावे लागते. १९४९ च्या मार्च महिन्यात पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात एक सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि शेवटच्या डावात ६०४. चारही डाव मिळून २,३७६ धावा आणि नऊ शतके! शेवटच्या डावात सहाशे करूनही महाराष्ट्र हरला. अशा काळातले शतक आणि चेंडू उसळणाऱ्या, वळणाऱ्या खेळपट्टीवरचे शतक यांचा भाव एक कसा धरायचा?

याच पुण्यात, त्याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ४९ चौकार आणि एक षटकार. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, ४५२ धावांचा. निंबाळकर नऊ धावांनी मागे होते. खेळाच्या मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार झाले नाहीत आणि सामना तिथेच सोडून त्यांचा संघ निघून गेला. विक्रम राहिला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे.

आता ही खेळी मोजायची कशी? खेळपट्टी फलंदाजांची होती आणि समोरची गोलंदाजी दुबळी होती, हे मान्य. पण अशाच खेळपट्ट्यांवर, अशाच गोलंदाजीपुढे तेव्हाचे सगळेच फलंदाज खेळत होते. त्यातल्या कोणी ४४३ केल्या? समकालीनांपेक्षा किती उंच, हे माप वापरले तर दोन वेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना निदान थोडी तरी रास्त होते. याच निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस एक दिवसावर असताना ते गेले.

तिथून आपण तिसऱ्या चाळणीकडे येतो, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक अन्याय होतो. आपण नकळत भारताकडून खेळलेल्याला मोठा धरतो आणि न खेळलेल्याला धाकटा. पण भारताच्या संघात अकराच जागा असतात. सुरेंद्र भावे यांनी प्रथम श्रेणीत ५८ च्या सरासरीने जवळपास आठ हजार धावा केल्या. शंतनू सुगवेकर यांनी ६३ च्या सरासरीने साडेसहा हजारांवर. हे सुगवेकर १९८८-८९ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध २९९ वर नाबाद राहिले. त्रिशतकाला एक धाव हवी असताना साथीदार उरला नाही. दोघांनाही भारताची कसोटी टोपी मिळाली नाही. भावे तर पुढे राष्ट्रीय निवड समितीवर बसले आणि इतरांना टोप्या देत राहिले. सत्तरच्या दशकातले वेगवान गोलंदाज पांडुरंग साळगावकर यांचेही तसेच. राज्याच्या संघाची क्रमवारी लावताना भारताच्या टोपीचे गुण देऊ नयेत, असे मला वाटते. जो भारताकडून खेळायला गेला, तो तेवढे दिवस राज्याकडून खेळला नाही. जो मागे राहिला, त्याने राज्याचा संघ वर्षानुवर्षे ओढला.

चौथी आणि शेवटची चाळणी म्हणजे संघाला त्यातून काय मिळाले. २०१६ च्या ऑक्टोबरात वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ५९४ धावा जोडल्या. प्रथम श्रेणीत जगातली ती तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची भागीदारी होती. जयवर्धने आणि संगक्कारा यांचा ६२४ चा विक्रम तीस धावांवर होता, पण कर्णधार असलेल्या गुगळेने डाव घोषित केला. ऋषभ पंतने त्रिशतक ठोकूनही दिल्ली ५९० वर थांबली आणि पहिल्या डावाची आघाडी महाराष्ट्राला मिळाली. रणजीत सामना अनिर्णित राहिला, तर गुण या आघाडीवर ठरतात. निंबाळकरांना विक्रम दुसऱ्यांनी करू दिला नाही, इथे तो आपल्याच कर्णधाराने सोडून दिला. त्यातला बावणे तर आपल्या मराठवाड्याचा, पैठणचा.

केदार जाधवचा २०१३-१४ चा हंगाम याच चाळणीत वर राहतो. एका हंगामात १,२२३ धावा! त्या बळावर संघ एकवीस वर्षांनी अंतिम फेरीत गेला. कर्नाटकाने हरवले ती गोष्ट वेगळी. महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा अंतिम फेरीत जाऊन हात हलवत परतला आहे. या संघाने करंडक जिंकला तो फक्त दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. दोन्ही वेळा कर्णधार एकच होते, प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. ज्या वयात बहुतेक खेळाडू बॅट माळ्यावर टाकतात, त्या वयात त्यांची रणजी सुरू झाली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या ६७५ ला मुंबईने ६५० चे उत्तर दिले. म्हणजे आघाडी अवघ्या पंचवीस धावांची. ते २४६ नसते तर पुढचा करंडकही नसता. पुढे बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके केली, १०५ आणि १४१. कसोटी मात्र ते एकही खेळले नाहीत. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९९३ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या एकूण धावा आजच्या खेळाडूंच्या तुलनेत थोड्या दिसतील. पण तेव्हा रणजी बाद पद्धतीने चाले. हरला की हंगाम संपला. वर्षात एखाद-दुसराच सामना मिळायचा. आज साखळीतच सात सामने मिळतात. बेरीज करून देवधरांना खाली ढकलणे म्हणजे कोरडवाहू आणि बागायती शेताचा उतारा एकाच कागदावर मांडण्यासारखे आहे.

तर माझी क्रमवारी अशी. पहिले देवधर. दुसरे चंदू बोर्डे. मधली काही वर्षे ते बडोद्याकडे होते, पण परत आले आणि फलंदाजी, लेगस्पिन, नेतृत्व ही तिन्ही कामे केली. भारतासाठी ते ५५ कसोटी खेळले, पण त्याचे गुण मी धरलेले नाहीत. तिसरे सुरेंद्र भावे. चौथे निंबाळकर, ते अनेक संघांकडून खेळले म्हणून खाली आले, नाहीतर आणखी वर असते. पाचवा केदार जाधव. हजारे दाराबाहेर राहिले याचे मलाही वाईट वाटते, पण पहिली चाळणी मीच लावली आहे.

या यादीतली मोठी उणीव मीच सांगतो. तिच्यात खराखुरा गोलंदाज एकही नाही. पदार्पणाच्या रणजी सामन्यात एकाच डावात ३५ धावांत नऊ बळी घेणारे वसंत रांजणे यांना जागा द्यायला हवी होती, असे कोणी म्हणाले तर मी भांडणार नाही. पुण्यासारख्या फलंदाजधार्जिण्या मैदानावर बळी घेणाऱ्याला जास्त गुण द्यायला हवेत, हे माझ्याच दुसऱ्या चाळणीतून निघते. महिलांच्या संघाची यादी वेगळी करावी लागेल. तिच्यात पहिले नाव सांगलीच्या स्मृती मानधनाचे असेल, याबद्दल फारसा वाद होईलसे वाटत नाही. तिने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या होत्या.

आणि ऋतुराज? २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारणारा. त्याचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. खेळणाऱ्याला क्रमवारीत बसवण्याची घाई करू नये. तीच गोष्ट आपल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरची. २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. आपल्या जिल्ह्यातला पोरगा त्या संघापर्यंत जाऊ शकतो, हे मुरुमच्या पोरांनी त्याच्याकडे बघून ओळखले आहे.

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो, तेव्हा ती पोरे पुन्हा भेटली. मी देवधरांची गोष्ट सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर त्यातला धाकटा म्हणाला, 'सर, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस धावायचा कसा?' मी म्हणालो, 'मुंबईच्या गोलंदाजांनाही हाच प्रश्न पडला असेल.' पोरे हसली आणि पुन्हा यादीवर भांडू लागली. या वेळी यादीत देवधर होते.