पियानोच्या मैफलीत खोकला आला तर?

एकल जॅझ पियानोवादनात ड्रम्स नसतात, गायकही नसतो. सुरांमधली शांतताही ऐकायची असते. त्यामुळे साधा खोकलाही सभागृहभर घुमतो. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट श्रोत्यांच्या खोकल्यामुळे वादन मध्येच थांबवत असत.

खोकला नेमका तेव्हाच का येतो? वातानुकूलित हवेने घसा कोरडा पडतो. ‘आता खोकायचे नाही’ असे ठरवले की सगळे लक्ष घशाकडेच जाते. त्यात नाशिकच्या द्वारका चौकातल्या धूळ-धुरातून आला असाल, तर घसा आधीच खवखवत असतो.

काय करावे?

• आत जाण्यापूर्वी पाणी प्या. खडीसाखर जवळ ठेवा. मधुमेह असल्यास लवंग.
• गोळीचे वेष्टन आधीच काढून ठेवा. कडेची खुर्ची घ्या.
• उबळ आल्यास आवंढा गिळा, नाकाने सावकाश श्वास घ्या. न थांबल्यास रुमालात खोका.
• दमा असल्यास इनहेलर सोबत हवाच. धाप लागली तर संकोच न करता बाहेर पडा.
• ताप असेल तर घरीच थांबा.

खोकला दोन आठवडे किंवा अधिक टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या; सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसल्यास दोन आठवडे थांबू नका. रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ती बदलता येते.