मोटोक्रॉस जागतिक अजिंक्यपद स्पर्धा : यंत्र, स्पर्धक आणि महाराष्ट्र

प्रस्तावना :
चढउतारांच्या, मातीच्या बंदिस्त मार्गावर होणाऱ्या मोटारसायकल शर्यतीस मोटोक्रॉस असे म्हणतात. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतील बैलगाडी शर्यतींमुळे मातीवरील शर्यत रहिमतपूर परिसरास अपरिचित नाही. मोटोक्रॉसशी मात्र महाराष्ट्राचा संबंध प्रामुख्याने उद्योगाच्या मार्गाने आला आहे. २००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने ऑस्ट्रियातील केटीएम या मोटोक्रॉसमधील अग्रगण्य कंपनीत भागभांडवल घेतले आणि २०२५ मध्ये तिच्या मूळ कंपनीवर नियंत्रण मिळविले. यंत्र हाती आल्याने जगज्जेता घडतो काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या स्पर्धेच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

उगम व विकास :
१९२४ मध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे झालेली 'स्क्रॅम्बल' ही या खेळाची सुरुवात मानली जाते. पुढे 'मोटारसायकल' आणि 'क्रॉस-कंट्री' या शब्दांच्या संयोगातून फ्रेंच भाषेत 'मोटोक्रॉस' हे नाव रूढ झाले. १९४७ मध्ये नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय संघांची पहिली स्पर्धा झाली. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५२ मध्ये ५०० सी.सी. गटासाठी युरोपीय अजिंक्यपद सुरू केले व १९५७ मध्ये त्यास जागतिक दर्जा दिला. स्वीडनचा बिल निल्सन हा पहिला जगज्जेता ठरला. २५० सी.सी. गटास १९६२ मध्ये जागतिक दर्जा मिळाला, तर १२५ सी.सी. गटास तो १९७५ मध्ये मिळाला. २००४ मध्ये गटांची पुनर्रचना झाली. वरिष्ठ गट २०१४ पासून 'एमएक्सजीपी' या नावाने ओळखला जातो.

यंत्र आणि स्पर्धक :
१९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान आंडरसनने एकाच मागील शॉक ॲब्सॉर्बरच्या यामाहावर २५० सी.सी. गटाचे विजेतेपद मिळविले. आज आपल्या रस्त्यांवरील अनेक मोटारसायकलींत हीच रचना आढळते. यंत्राचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. तथापि, बेल्जियमचा जोएल रोबेर प्रथम चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर आणि नंतर जपानच्या सुझुकीवर, असा एकूण सहा वेळा जगज्जेता झाला. त्याच देशाच्या हॅरी एव्हर्ट्‌सने चार, तर त्याचा पुत्र स्टीफन याने दहा जागतिक विजेतेपदे मिळविली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शर्यतींच्या परंपरेचे हे फलित होय.

जपानच्या सुझुकीस १९७० मध्ये पहिले जागतिक यश रोबेरने, म्हणजे बेल्जियमच्या स्पर्धकाने मिळवून दिले. जपानी जगज्जेता, अकिरा वातानाबे, १९७८ मध्ये लाभला. केटीएमचा पहिला जगज्जेता १९७४ चा सोव्हिएत स्पर्धक गेनादी मोईसेयेव्ह होता. ऑस्ट्रियाचा हाइन्झ किनिगाडनर केटीएमवर जगज्जेता झाला तो १९८४ मध्ये. अर्थात, यंत्राच्या यशानंतर स्वदेशीय स्पर्धकाच्या यशास अनुक्रमे आठ व दहा वर्षे लागली.

समारोप :
मोटोक्रॉसमध्ये भारतीय जगज्जेता अद्याप झालेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ही बाब आशादायक आहे. परंतु सुपरक्रॉस हा क्रीडागारात माती टाकून बांधलेल्या मार्गावरील खेळ असून, शर्यत संपताच तो मार्ग मोडला जातो. मोटोक्रॉसचा स्पर्धक मात्र कायमस्वरूपी मार्गावर, बालवयापासूनच्या नियमित सरावातून घडतो. कारखान्याची मालकी व्यवहाराने मिळविता येते. स्पर्धकाची जडणघडण मात्र सरावाचे मार्ग, स्थानिक क्लब आणि सातत्यपूर्ण स्पर्धा यांतूनच होते. महाराष्ट्रासमोरील पुढील कार्य हेच आहे.