द्विमार्गी जोडणी आणि अतिरिक्ततेचे तत्त्व

‘चांगली मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंगाची खूण विशेषण, नाम आणि क्रियापद अशी तीनदा येते. गोंगाटात एखादा प्रत्यय ऐकू आला नाही, तरी उरलेल्या दोहोंवरून लिंगबोध होतो. संदेशातील या अतिरिक्ततेस क्लॉड शॅनन याने १९४८ साली गणिती रूप दिले. दूरस्थ कार्यालये जोडताना हेच तत्त्व उपयोगी पडते. मात्र तेथे पुनरुक्ती संदेशाची नसून मार्गाची असते.

टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे व तिचे एक संकुल तुळजापूरला आहे. अशी दोन ठिकाणे जोडावयाची आहेत, असे उदाहरणादाखल समजावे. सार्वजनिक इंटरनेटवरूनच, परंतु संदेश सांकेतिक रूपात बांधून, दोन टोकांमध्ये जो खासगी मार्ग निर्माण केला जातो त्यास व्हीपीएन अथवा ‘बोगदा’ म्हणतात. बोगदा एकच असेल, तर खोदकामात तार तुटताच ग्रंथालयाची सूची आणि परीक्षेचे गुण दुसऱ्या टोकास दुर्लभ होतात. म्हणून दोन सेवादात्यांमार्फत दोन बोगदे योजावेत.

तथापि देयके दोन आली म्हणजे मार्ग दोन झाले, असे नव्हे. दोन्ही तारा एकाच चरातून गेल्या असतील, किंवा दोन्ही बोगदे एकाच राउटरवर संपत असतील, तर एकच आघात दोहोंस पुरतो.

दुसरा प्रश्न मार्ग बंद पडल्याचे कळण्याचा होय. मृत बोगदा वरकरणी चालू दिसू शकतो आणि त्यात शिरलेले संदेश नाहीसे होतात. यास्तव राउटर परस्परांस ठरावीक अंतराने खुणेचे संदेश पाठवितात. बीजीपी या मार्गनियमाच्या २००६ च्या प्रमाणलेखात ९० सेकंदांचा प्रतीक्षाकाल सुचविलेला आहे. चालू संभाषणास तो फार दीर्घ ठरतो. परंतु तो अतिशय कमी केल्यास क्षणिक अडथळ्यानेही मार्ग वारंवार बदलू लागतो. शिवाय दोन्ही टोकांनी एकाच बोगद्यास अग्रक्रम द्यावयास हवा. अन्यथा एका वाटेने गेलेल्याचे उत्तर दुसऱ्या वाटेने येते आणि संवादाची नोंद ठेवणारी संरक्षक भिंत ते नाकारू शकते.

भाषेतील अतिरिक्तता प्रत्येक वाक्यात वापरली जाते, म्हणून तिच्यातील दोष तत्काळ जाणवतो. राखीव बोगदा मात्र मूक असतो. त्याचा बिघाड, गरज पडेपर्यंत, कोणास कळत नाही. पूर्वसूचना देऊन मुख्य मार्ग नियमितपणे बंद करून पाहणे, हाच त्यावरील उपाय होय.